व्हिसेरा पाठवताना या चुका टाळा

संशयास्पद मृत्यूचं शवविच्छेदन (पीएम) झालं की नोटमध्ये ‘मत राखीव, व्हिसेरा जतन’ (व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेले अंतर्गत अवयव) असं लिहिलं जातं आणि पोलिसांपासून नातेवाइकांपर्यंत सगळे सीए रिपोर्टची, म्हणजे रासायनिक विश्लेषणाच्या अहवालाची, वाट बघत बसतात. पण न्यायवैद्यक प्रयोगशाळा मुंबईतल्या कलिन्याची असो की नागपूरची, तिथल्या विश्लेषकासमोर प्रेत नसतं, नुसत्या बाटल्या असतात. बाटली भरतानाच घोळ झाला असेल तर पुढे कितीही भारी यंत्र असो, उपयोग शून्य.

सगळ्यात महागात पडणारी चूक फॉर्मेलिनची. हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, म्हणजे ऊतींच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी, १० टक्के फॉर्मेलिन लागतं, म्हणून ते शवागारात हाताशीच असतं, आणि घाईत तेच व्हिसेऱ्यावर ओतलं जातं. त्याने ऊती कडक होतात आणि बरीचशी विषं त्यातून वेगळी काढणं अवघड होऊन बसतं. रासायनिक तपासणीसाठी हवं मिठाचं संपृक्त द्रावण. चिमूटभर मीठ टाकलेलं पाणी म्हणजे संपृक्त द्रावण नव्हे. ढवळूनही मीठ विरघळेना, तळाशी साचून राहिलं, की ते तयार झालं. अ‍ॅसिड पिऊन किंवा बचनाग या विषारी वनस्पतीने मृत्यू झाल्याचा संशय असेल तर मात्र मीठ नको, रेक्टिफाइड स्पिरिट (तीव्र अल्कोहोल) वापरा. आणि दारूचा संशय असताना स्पिरिट ओतू नये, हे खरं तर सांगायलाच नको, तरी सांगतो. जे द्रावण वापरलं त्याचा कोरा नमुना वेगळ्या बाटलीत द्यायचाच, नाहीतर सापडलेला पदार्थ शरीरातला की द्रावणातला, हा प्रश्न कोर्टात उभा राहतो.

जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा सुमारे ३० सेंटीमीटर भाग, दोन्ही आतल्या द्रव्यासकट एका बाटलीत; यकृताचा सुमारे ५०० ग्रॅमचा तुकडा, प्लीहा आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग दुसरीत. जठर दोन्ही टोकांना दोरा बांधूनच काढा. काही ठिकाणी अवयव नळाखाली स्वच्छ धुऊन मग भरतात. दिसायला छान, पण जे शोधायचं तेच गटारात जातं. बाटली दोन तृतीयांशच भरा. कुजताना वायू तयार होतो, आणि गच्च भरलेली बाटली वाटेतच फुटते किंवा गळते.

रक्त हृदयातून घेऊ नका, मांडीच्या शिरेतून घ्या. मृत्यूनंतर काही औषधं आसपासच्या अवयवांतून हृदयातल्या रक्तात उतरतात आणि आकडा फुगतो. त्यात सोडियम फ्लोराइड घातलं नाही तर जंतू रक्तातल्या साखरेची दारू करतात, आणि थेंबही न प्यालेला माणूस कागदोपत्री दारुडा ठरतो.

नुसता सांगाडा मिळाला तर ओली हाडं प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका. सावलीत सुकवून कागदात गुंडाळा. पुरलेलं प्रेत उकरलं असेल आणि आर्सेनिकचा संशय असेल तर केस, नखं आणि प्रेताच्या वरची, खालची, बाजूची माती घ्या. त्याच जागेतली पण प्रेतापासून लांबची मातीही हवी, तुलनेसाठी.

‘विष आढळले नाही’ याचा अर्थ विष दिलंच नव्हतं असा काढू नये. रुग्ण दवाखान्यात चार दिवस जगला असेल, उलट्या झाल्या असतील, जठर धुतलं गेलं असेल, तर शरीरात फारसं काही उरत नाही. म्हणून दाखल करतानाच घेतलेलं जठर धुतल्याचं पाणी आणि रक्त मागून घ्या. सोबतच्या फॉर्मवर नुसतं ‘विषबाधेचा संशय’ असं खरडून देऊ नका. कीटकनाशकाचा वास, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, तोंडाला फेस, अ‍ॅट्रोपिन (कीटकनाशकाच्या विषबाधेवरचा उतारा) दिलं होतं का, घरात कुठला डबा सापडला, हे सगळं लिहा.