चारधामला जाताना एजंट कशासाठी घ्यावा?

गणपतीपुळे-तारकर्लीला एजंट कशाला? फोन करा, खोली ठरवा, निघा. चारधामचं तसं नाही. डोंगरातली गाडी, मुक्काम, दरड कोसळून रस्ता बंद झाला तर ऐनवेळचे बदल हे एजंटवर सोडलेलं बरं, त्यात सोबत आई-बाबा असतील तर नक्कीच. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं तिकीट मात्र स्वतः काढा. ते आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळतं आणि आधी यात्रेची नोंदणी लागते. ‘हेलिकॉप्टर मी बघतो, पैसे पाठवा’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. आगाऊ रक्कम देण्याआधी हॉटेलांची नावं आणि रद्द केल्यास किती कापणार, हे लेखी घ्या. मुक्काम नेमका कुठे, तेही विचारा: केदारनाथच्या वाटेवर आपली गाडी जिथे सोडावी लागते ते सोनप्रयाग गुप्तकाशीहून सुमारे ३० किलोमीटर, म्हणजे पहाटेची झोप गेलीच.