हंपी एका दिवसात: पायी, गाईडला सोबत घेऊन

पहिल्यांदा हंपीला गेलो तेव्हा होस्पेट स्टेशनाबाहेरच रिक्षा ठरवली. रिक्षावाल्याकडे लॅमिनेट केलेला कागद होता, त्यावर अठरा फोटो. "सब दिखाएगा साब, पाँच घंटा." आणि खरंच, त्याने अठराही पॉइंट दाखवले. रात्री लॉजवर फोटो बघताना बायकोने सहज विचारलं, "हा लांबलचक बाजार कुठल्या देवळापुढचा?" मला सांगता येईना. राजवाडा नदीपासून लांब की जवळ, राणीचा हमाम कुठल्या दिशेला, काही म्हणजे काही कळलं नव्हतं. अठरा दगडी वस्तू बघून आलो होतो. शहर बघायचं राहूनच गेलं होतं.

आणि हंपी हे शहरच होतं. १३३६ च्या सुमाराला हरिहर आणि बुक्क या भावांनी उभारलेल्या विजयनगर साम्राज्याची ही राजधानी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईपर्यंत गजबजलेली होती. त्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी विजयनगरला हरवलं आणि शहराची मोडतोड झाली. गंमत अशी की हे एक शहर नव्हे, जवळजवळ दोन. उत्तरेला तुंगभद्रेच्या काठाने देवळं आणि त्यांच्यापुढचे बाजार. दक्षिणेला, कमलापूरच्या बाजूला, राजाचा गोट. मधे कालवे, उसाची-केळीची शेतं. रिक्षातून ही फोड लक्षातच येत नाही. ती पायांनाच कळते. म्हणून दुसऱ्या खेपेला गाईड घेतला आणि चाललो. तो दिवस ज्या क्रमाने गेला तोच क्रम इथे देतो, फक्त आमच्या चुका वगळून.

दिवस ठरवताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एवढंच लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये इथले गोटे तव्यासारखे तापतात आणि अंधार पडल्यावरही ऊब सोडत नाहीत. शुक्रवार टाळा, कमलापूरचं पुरातत्त्व संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. होस्पेट हंपीपासून तेरा किलोमीटरवर आहे. हुबळी-गदग-होस्पेट या रेल्वेने आलात तरी आदल्या रात्रीचा मुक्काम शक्यतो हंपी गावात किंवा कमलापुरात करा. पहाटेचे दोन तास हा या सगळ्या दिवसातला उत्तम भाग आहे, तो बसमध्ये घालवू नये.

गाईड निवडताना

गाईड आदल्या संध्याकाळीच ठरवा. विरूपाक्ष या शिवाच्या देवळाच्या आसपास कर्नाटक पर्यटन खात्याचं ओळखपत्र गळ्यात घातलेले गाईड भेटतात. ते ओळखपत्र नीट बघा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बहुतेकांना हिंदी येतं, तुमची हिंदी आमच्यासारखी मराठी वळणाची असली तरी अडत नाही.

पैशांआधी एक प्रश्न विचारा: "विरूपाक्षापासून विठ्ठल मंदिरापर्यंत नदीकाठाने चालत न्याल का?" जो लगेच "रिक्षाने बरं पडेल" म्हणतो त्याला नमस्कार करून पुढच्याकडे जा. मग दुसरा, जरा खोचक प्रश्न: "१५६५ नंतर एवढी मोडतोड झाली, मग विरूपाक्षाची पूजा आजही कशी चालू आहे?" याचं एकच बरोबर उत्तर नाही. पण जो गाईड थबकतो, दोन-तीन शक्यता मांडतो आणि "लोक असं सांगतात, अभ्यासक तसं म्हणतात" असा भेद करतो, तो तुमचा माणूस. जो एका वाक्यात निकाल लावतो तो दिवसभर तसेच निकाल लावत राहील.

मग मोकळेपणाने व्यवहार ठरवा: पूर्ण दिवसाचे किती, दुपारच्या रिक्षाचे पैसे कोण देणार, जेवण धरून की सोडून. आणि "दुकानात न्यायचं नाही" हेही हसत हसत सांगून टाका.

पिशवीत माणशी दोन लिटर पाणी, टोपी, छोटी बॅटरी आणि जाड मोजे. मोजे यासाठी की विरूपाक्षात चपला काढाव्या लागतात आणि नऊनंतर फरशी चटके देते. केळी घेतली तर पिशवीच्या तळाशी ठेवा. हातात धरलीत की ती माकडांची झाली.

पहाट: हेमकूट

उजाडायच्या आत हेमकूट टेकडीच्या दक्षिण पायथ्याशी पोचा. इथे दोन गणपती आहेत. एकाचं नाव सासिवेकाळु, म्हणजे मोहरीचा दाणा, आणि दुसऱ्याचं कडलेकाळु, म्हणजे हरभरा. हा हरभरा चांगला पंधरा फूट उंच आहे, ही कानडी थट्टा मला फार आवडली. सासिवेकाळु गणपतीला लोक समोरून हात जोडतात आणि निघतात. आमच्या गाईडने आम्हाला मागे नेलं. पाठीमागून बघितलं तर तिथे एका बाईची पाठ कोरलेली आहे, केसांच्या वळणासकट. म्हणजे गणपती एकटा बसलेला नाही, आईच्या मांडीवर बसलाय. गाईड घेण्याचे पैसे माझ्यापुरते तिथेच वसूल झाले.

उग्रनरसिंह बघायचाच असेल (१५२८ सालचा, एकाच दगडातला, बावीस फुटांच्या आसपास) तर अर्धा तास आधी निघून तिथूनच सुरुवात करा. त्याच्या मांडीवरची लक्ष्मी फोडली गेली, पण तिचा हात अजून त्याच्या पाठीवर आहे. तेवढा मात्र शोधा.

हेमकूट चढायला दहा मिनिटं लागतात. सपाट खडक, त्यावर पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरांची छोटी जुनी देवळं, त्यातली बरीच विजयनगरच्याही आधीची. वर बसा आणि गाईडला सांगा, बोलू नका, फक्त दिशा दाखवा. खाली विरूपाक्षाचं गोपुर, त्याच्यापुढे सरळ रेषेत बाजार, डावीकडे नदी, उजवीकडे लांब जिथे दुपारी जायचंय ती सपाटी. एवढा नकाशा डोक्यात बसला की दिवसभर कुठेही उभे राहिलात तरी चुकत नाही.

विरूपाक्ष आणि त्यापुढचा बाजार

टेकडीवरून थेट देवळात उतरा. पूर्वेचं गोपुर पन्नास मीटरच्या घरात आहे. आतला रंगमंडप कृष्णदेवरायाने आपल्या राज्यारोहणाच्या निमित्ताने बांधला, तसा शिलालेख तिथे आहे. छतावरची चित्रं बघायला मान दुखते, तरी बघा.

पण खरी गंमत गाभाऱ्याच्या मागच्या बाजूला, काही पायऱ्या चढून एका अंधाऱ्या खोलीत आहे. भिंतीला एक अरुंद झरोका आहे आणि समोरच्या भिंतीवर गोपुराची सावली पडते, उलटी. कळस खाली, पाया वर. सुईच्या छिद्राच्या कॅमेऱ्याचं तत्त्व शाळेत शिकलो होतो, पण तिथे ते पुठ्ठ्याच्या खोक्यात होतं. गाईडने खिशातला पांढरा रुमाल काढला, भिंतीपासून हातभर पुढे धरला, आणि गोपुर रुमालावर आलं, आणखी लहान आणि आणखी रेखीव. रुमाल मागे-पुढे नेला तसं ते वाढलं, आक्रसलं. तुमच्या गाईडकडे रुमाल नसेल तर आपला न्या, पांढराच.

बाहेर पडलात की बाजार. दोन्ही बाजूंना दगडी खांबांच्या ओवऱ्या, मधे पाऊण किलोमीटरचा रस्ता, टोकाला भला मोठा नंदी. या ओवऱ्यांत अलीकडेपर्यंत दुकानं आणि घरं होती, २०११ मध्ये ती हटवली. विषय जिव्हाळ्याचा आहे, गाईड गावचाच असेल तर त्याच्याकडून ऐका, पण कोरून कोरून विचारू नका. दोमिंगो पायश हा पोर्तुगीज १५२० च्या सुमाराला इथे आला होता. त्याने बाजारातली माणकं, पाचू, मोती यांचं वर्णन करून ठेवलंय आणि शहर रोमएवढं मोठं वाटतं असं लिहिलंय. पोर्तुगीजांना इथे यायचं कारण मुख्यतः घोडे. अरबस्तानातून जहाजाने गोव्यात उतरलेले घोडे विजयनगरच्या सैन्याला लागत. पश्चिमेकडून ही वाट तुडवत आलेल्यांत तुम्ही काही पहिले नाही.

इथे नाश्ता करून घ्या. मिरची भजी आणि चहा. पुढे तासदोन तास काही मिळेलच असं नाही.

नदीकाठची वाट

नंदीच्या अलीकडे डावीकडे वाट नदीकडे वळते. रिक्षा इथे येऊच शकत नाही, म्हणून अठरा फोटोंच्या कागदावर ही वाट नसते. कोदंडराम मंदिराशी नदी वळण घेते, तिथे गोल टोपल्यांच्या होड्या दिसतील. पुढे उजवीकडे आत वळलात की अच्युतरायाच्या देवळापुढचा ओसाड बाजार. विरूपाक्षापुढे माणसांची वर्दळ असते, इथे बहुधा एखादी शेळी. हंपीत सगळ्यात जास्त वेळ मी इथेच बसलो.

वाटेवर खडकांच्या कडेने एका ओळीत चौकोनी खोबणी दिसतील, पोस्टाच्या तिकिटांना असतात तशा टोचण्यांसारखी. त्यात पाचरी मारून दगड फोडत. काही धोंडे अर्धवट फुटून तसेच राहिलेत. म्हणजे शहराची खाण शहरातच होती.

मग दगडी चौकटीची राजतुला आणि नदीत पाय सोडून बसलेला पुरंदरदासांचा मंडप. कर्नाटक संगीताचे हे पितामह, त्यांच्या प्रत्येक पदाची मुद्रा "पुरंदर विठ्ठल". त्यांच्या जन्मगावावर वाद आहे, एक परंपरा आपल्या पुण्याजवळच्या पुरंदरचं नाव घेते. पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडलं की हा मंडप बुडतो. त्या दिवसांत गेलात तर वाट उघडी आहे का ते गाईडला आधीच विचारा.

विठ्ठल मंदिर

इथे तिकीट लागतं. ते जपून ठेवा, त्याच दिवशी जनानखाना (म्हणजे दुपारचे कमळमहाल आणि गजशाळा) आणि संग्रहालय या दोन्हींसाठी तेच चालतं.

दगडी रथापुढे गर्दी असणारच, पन्नासच्या नोटेवर छापलाय तो हाच. म्हणायला रथ, खरं म्हणजे गरुडाचं देऊळ. वर विटांचं शिखर होतं, १८५६ च्या छायाचित्रात ते दिसतं. आता बाजूला उभे राहून पुढचे हत्ती बघा. ते रथाच्या मानाने छोटे आणि अडकवल्यासारखे वाटतात, कारण ते नंतर आणून ठेवलेत. त्यांच्या मागे वाकून बघितलं तर मूळच्या घोड्यांच्या शेपट्या आणि मागचे पाय अजून दगडात आहेत. इथल्या मंडपात ठोकले की सूर उमटतात असे खांब आहेत, पण त्यांना हात लावायला बंदी आहे. "एकदाच वाजवून दाखवा ना" म्हणून गाईडला अडचणीत टाकू नका.

मराठी माणसाने इथे जरा थांबावं. गाभारा रिकामा आहे. आपल्याकडची कथा अशी की कृष्णदेवरायाने पंढरपूरचा विठोबा विजयनगरला नेला आणि एकनाथांचे पणजोबा संत भानुदास यांनी तो परत आणला. हे देऊळ मात्र कृष्णदेवरायाच्या आधीपासूनचं मानतात, त्याने ते वाढवलं, त्यामुळे कथा आणि इतिहास यांचा सांधा नीट जुळत नाही. मी गाईडला ही कथा सांगितली. त्याला ती ठाऊक होती. "तुम्ही घेऊन गेलात, म्हणून इथे नाही," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. बायको तेवढ्यात उंबऱ्याशी डोकं टेकवून आली होती.

दुपार आणि राजाचा गोट

साडेअकरापर्यंत इथून निघा. बॅटरीच्या गाडीने रस्त्यापर्यंत, तिथून रिक्षाने कमलापूर. हा टप्पा चालण्यात शहाणपण नाही. जेवा, मग संग्रहालय. अंगणात हंपीची मोठी प्रतिकृती आहे. बहुतेकजण ती आधी बघतात आणि काही कळत नाही. सकाळभर चालून आल्यावर तिच्यावर बोटाने आपली वाट गिरवता येते.

तीनला रिक्षाने गजशाळेपाशी उतरा आणि तिथून कमलापूरकडे चालत परत या, म्हणजे दिवस संपतो तिथेच बस असते. गजशाळेच्या अकरा खोल्यांवर घुमट आहेत, शेजारच्या कमळमहालाला महिरपी कमानी. हिंदू राजधानीत ही इस्लामी धाटणी कशी, असं गाईडला विचारा. विजयनगरचा राजा दुसरा देवराय याच्या पदरच्या अहमदखान या मुसलमान अधिकाऱ्याने १४३९ मध्ये बांधलेली वास्तू इथून लांब नाही, तिथून तो उत्तर सुरू करेल. "कमळमहाल", "राणीचा हमाम" ही नावं मात्र नंतरची, ती फार मनावर घेऊ नका.

हजारराम देवळाच्या भिंतींवर रामायण ओळीने कोरलंय. मुलं सोबत असतील तर त्यांनाच गोष्ट ओळखू द्या. पुढे पायऱ्यांची पुष्करणी, काळ्या दगडाची, १९८० च्या दशकात उत्खननात सापडलेली. जवळून बघितलं तर दगडांवर खुणा आणि आकडे दिसतात: कुठला दगड कुठल्या बाजूला, कितव्या ओळीत. घडवलेले दगड आणून त्या खुणांप्रमाणे जुळवले. जवळच पाण्याच्या दगडी पाटाशेजारी जेवणाची दगडी ताटं आहेत, वाट्यांच्या खोबण्यांसकट.

महानवमी दिब्ब्यावर शेवटी चढा. वरचा लाकडी डोलारा कधीच गेला, उरलाय तो उंच चौथरा आणि त्याच्या अंगावरचे हत्ती, शिकारी, नाचणाऱ्या बाया, घोडे घेऊन आलेले परदेशी. वरून उत्तरेला सकाळचे डोंगर दिसतात.

अंधार पडायला लागला की रखवालदार शिट्ट्या मारत येतो. खाली उतरून गाईडचा हिशेब चुकता करा, वर बक्षिसी द्या, आणि तुमच्या वहीत "होसपेटे" (होस्पेटचं कानडी नाव) हा शब्द कानडीत लिहून घ्या. कमलापूरच्या थांब्यावर बसच्या पाट्या बहुधा कानडीतच असतात.