बीसीआर आणि टीएलआर वेगवेगळे पाठ करू नका, ल्युपस असा समजून घ्या

पुणे विद्यापीठात एमएस्सी करताय किंवा नेटची तयारी चाललीये, तर बीसीआरचा (बी सेलवरचा, अँटिजेन पकडणारा रिसेप्टर) पाथवे एका पानावर अन टीएलआरचा (टोल-लाइक रिसेप्टर, जंतूंच्या खुणा ओळखणारा) दुसऱ्या पानावर असं घोकू नका, त्याने ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार, कधीच कळणार नाही. अप्पा बळवंत चौकातून मोठा ड्रॉइंग पेपर आणा, त्यावर एकच बी सेल (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींचा प्रकार) काढा, भलीमोठी, आणि आत एंडोसोमला (पेशीने आत ओढलेला माल जातो ती पिशवी) भरपूर जागा ठेवा कारण खरी गडबड तिथेच होते.

आता पाथवेच्या नाही, अँटिजेनच्या, म्हणजे बीसीआर ज्याला पकडतो त्या गोष्टीच्या, मागे जायचं. मेलेल्या पेशीतून सांडलेला आरएनए आणि त्याला चिकटलेलं प्रोटीन असा एक कण घ्या, ल्युपसच्या रिपोर्टात अँटी-स्मिथ असतं ना, ती अँटीबॉडी असल्याच कणावर बसते. बीसीआरने प्रोटीन पकडलं की पडद्याच्या आत आयटॅमवर (रिसेप्टरच्या शेपटीवरची सिग्नलची जागा) लिन नावाचं एन्झाइम फॉस्फेट लावतं, मग सिक, बीटीके, पीएलसी गॅमा २ ही एन्झाइम एकामागोमाग चालू होतात, कॅल्शियम वाढतं. इथवर सगळ्यांना येतं. पण बीसीआर तो कण घेऊन आत जातो, थेट एंडोसोमपर्यंत, आणि तिथे टीएलआर ७ असतो त्याला आयता आरएनए मिळतो, मग मायडी८८, आयरॅक ४, एनएफ कप्पा बी ही पुढे सिग्नल नेणारी प्रोटीन. एकच कण, दोन रिसेप्टर! टीएलआर ७ आणि ९ (हा डीएनए ओळखतो) आत असल्यामुळे आपला स्वतःचा आरएनए-डीएनए एरवी त्यांच्यापर्यंत सहज पोचत नाही, बीसीआर नेमकी तीच वाट उघडून देतो. हा बाण लाल पेनने काढा. २००२ साली नेचरमध्ये उंदरांच्या बी सेलवर क्रोमॅटिन (डीएनए आणि त्यावरची प्रोटीन) आणि आयजीजी अँटीबॉडीचं कॉम्प्लेक्स वापरून हेच दाखवलं होतं, मायडी८८ नसलेल्या पेशींनी प्रतिसादच दिला नाही, तो पेपर मुळातूनच वाचा.

मग ब्रेक काढा, म्हणजे बीसीआरचा सिग्नल दाबणारे रिसेप्टर, सीडी२२ आणि एफसी गॅमा आर २बी. इथे लिन परत येतो, कारण ब्रेकवर फॉस्फेट लावणाराही तोच, म्हणून लिन काढून टाकलेल्या उंदरांत बी सेल थंड पडत नाहीत, उलट ल्युपससारखा आजार होतो.

एक जागा फसवी आहे. एमआरएल-एलपीआर उंदरांत (यांना आपोआप ल्युपससारखा आजार होतो) टीएलआर ७ काढला की आजार कमी होतो पण टीएलआर ९ काढला तर वाढतो, त्यामुळे दोघांना एकाच माळेत ओवू नका. टीएलआर ७ चं जीन एक्स क्रोमोसोमवर आहे आणि बायकांच्या काही बी सेलमध्ये दुसऱ्या एक्सवरचंही चालू राहतं. ल्युपसच्या १० पेशंटमध्ये साधारण ९ बायका असतात, त्यात कितीतरी ऐन विशी-तिशीतल्या, त्यामुळे हा मुद्दा नुसता मार्कांपुरता सोडू नका. २०२२ मध्ये लहानपणीच ल्युपस झालेल्या एका मुलीत टीएलआर ७ चं वाय२६४एच म्युटेशन सापडलं, तेच उंदरांत घातलं तर त्यांनाही ल्युपस झाला.

शेवटी औषधं स्वतः चित्रावर ठेवून बघा. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन एंडोसोमवर, ते तिथलं आम्लपण कमी करतं आणि टीएलआर ७-९ ला अडवतं. बेलिमुमॅब पेशीच्या बाहेर, बाफ या बी सेलला जगवणाऱ्या प्रोटीनवर, ते त्याला अडवतं, कारण बाफ जास्त झाला की मरायला हव्या त्या बी सेलही तगून राहतात.