ब्राझीलच्या नावातलं इंग्लिश कसं ओळखायचं

ब्राझीलच्या फुटबॉल टीमची लिस्ट बघताना एखादं नाव ओळखीचं वाटतं पण स्पेलिंग भलतंच असतं, तेव्हा डिक्शनरी उघडायच्या आधी नाव मोठ्याने वाचा, तेही पोर्तुगीज पद्धतीने, कारण ही नावं बऱ्याचदा कानाने ऐकून लिहिलेली असतात. पोर्तुगीजमध्ये सी पुढे ओ आला की क, आणि एआय म्हणजे सरळ आय. मग Maicon हे मायकॉन असं वाचलं की मायकल ऐकू येतो की नाही? 2010 च्या वर्ल्ड कपमध्ये उत्तर कोरियाला जवळजवळ गोललाइनवरून गोल मारणाऱ्या मायकॉनचं पूर्ण नाव मायकॉन डग्लस सिसेनांदो, म्हणजे हॉलिवूडचा मायकल डग्लसच की!

आता गंमत बघा, मायकलला पोर्तुगीजमध्ये आधीपासूनच मिगेल आहे, मूळ हिब्रूच, अर्थ "देवासारखा कोण?". मायकॉनचाही अर्थ तोच, फक्त आला इंग्लिशच्या दारातून. देयविद (Deivid, म्हणजे इंग्लिश डेव्हिड) नावाचंही तसंच, जुनं रूप दावी, अर्थ लाडका.

नाव ओळखलं की मग ते इंग्लिशमध्ये आडनाव होतं का ते बघा, कारण बरीचशी तशीच आहेत. शेवटी सन असेल तर अमक्याचा मुलगा, जेफरसन म्हणजे जेफ्रीचा. टन असेल तर गावाचं नाव, जसं वॉशिंग्टन किंवा वेलिंग्टन. वेस्लीतली ली म्हणजे कुरण, पश्चिमेकडचं. पण सन दिसला की लगेच मुलगा म्हणू नका, ब्राझीलमध्ये लोकांना ती शेवटची लय आवडली आणि त्यांनी कशालाही सन जोडून नवीन नावं तयार केली, तिथे अर्थ शोधत बसणं म्हणजे टाइमपास.

आणि शब्दाचा अर्थ सापडला म्हणजे काम झालं असं नाही हं, नाव का ठेवलं ते वेगळंच असतं. पेलेचं खरं नाव एडसन आरांतेस दो नासिमेंतो, जन्म 1940, मिनास जेराइस राज्यातलं त्रेस कोरासोएस गाव. गावात तेव्हा नुकतीच वीज आली होती म्हणून थॉमस एडिसनचं नाव ठेवलं, घरच्यांनी आय काढून एडसन केलं, पण जन्मदाखल्यावर एडिसनच राहिलं. म्हणजे आडनाव म्हणून एडिसनचा अर्थ काहीही असो, त्या घरात त्याचा अर्थ बल्ब 😄


पोर्तुगालमध्ये मात्र ही पद्धत चालवायला जाऊ नका, तिथे नावांचे नियम कडक आहेत, असं कानाने लिहिलेलं स्पेलिंग सहसा मंजूरच होत नाही.