या चुका टाळा : ‘मॅडम, कोणती टेस्ट लावू?’ हे विचारायला उशीर का करू नये

एप्रिल उजाडला की माझ्याकडे प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिशव्या येऊ लागतात. पिशवीत भरलेल्या प्रश्नावल्या, सोबत पेन ड्राइव्ह आणि एक ठरलेलं वाक्य : “मॅडम, डेटा सगळा गोळा झालाय, फक्त कोणती टेस्ट लावायची तेवढं सांगा.” टेस्ट म्हणजे आकड्यांना लावायची संख्याशास्त्रीय चाचणी. गेल्या वर्षी एकाच आठवड्यात चौघं आली. एकाचा विषय इचलकरंजीचे यंत्रमाग कामगार, दुसरीचा पाचवीच्या मुलांचं वाचन, तिसरी परिचारिका, तिचा विषय गरोदरपणातला रक्तक्षय, आणि चौथीचा अहिराणी बोली. चार विद्याशाखा, चार मार्गदर्शक, आणि दुखणं मात्र एकच. चूक झाली होती ती पहिला फॉर्म भरायच्या आधी, आणि आता ती एसपीएसएसने, म्हणजे आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरने, दुरुस्त व्हावी अशी अपेक्षा होती.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९३८ साली कोलकात्यात, भारतीय संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेत, हेच सांगून गेले. प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला लावणं. प्रयोग कशाने मेला एवढं तो कदाचित सांगेल. ऐंशीहून जास्त वर्षं झाली, पिशव्या येतच आहेत. म्हणून खाली लिहिताना मी प्रत्येक चुकीबरोबर हेही सांगणार आहे की ती झाल्यावर काही वाचवता येतं का. काही वेळा येतं, काही वेळा खरंच येत नाही.

३८४ चा ताईत

पिशव्या घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा नमुना, म्हणजे ज्यांना विचारायचं ती निवडलेली माणसं, ३८४ चा. का, विचारलं तर “तक्त्यात आहे.” नमुना किती मोठा हवा ते सांगणारा तो तक्ता क्रेजसी आणि मॉर्गन यांचा, १९७० चा. त्यामागचं गणित एका ओळीचं आहे : १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४.१६. म्हणजे लाखभर किंवा त्याहून जास्त माणसांबद्दल एखादी टक्केवारी ९५ टक्के खात्रीने, पाच टक्के इकडेतिकडे धरून सांगायची असेल, तर एवढी माणसं पुरतात.

पण या ओळीला एक अट आहे आणि ती तक्त्याची फोटोकॉपी काढताना मागे राहते. माणसं यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली हवीत. यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी. गूगल फॉर्मची लिंक मावसभावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून आलेल्या ३८४ उत्तरांना ही अट लागू होत नाही. ती ३८४ काय, ३,८४० झाली तरी होत नाही. आणि समजा अट पाळली. मग त्याच ३८४ चे चार जिल्ह्यांत तुकडे पाडून जिल्हावार टक्केवारी द्यायची, हेही सर्रास चालतं. जिल्ह्याला आले ९६ जण, आणि तिथे चूक पाचावरून दहा टक्क्यांवर गेली. प्रबंधात मात्र पाचच छापलेली असते.

इचलकरंजीच्या मुलाची गोची आणखी वेगळी होती. त्याच्या दुसऱ्या फॉर्मवर ‘यंत्रमागधारक’ असा एकच रकाना. आता स्वतः सूत घेऊन कापड विकणारा मालक आणि व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारा खर्चीवाला, दोघांचीही नावं यंत्रमागधारकांतच. सूत महागलं की एकाचं दिवाळं निघतं, दुसऱ्याला थेट झळ बसत नाही. दोघांची सरासरी काढून आलेला आकडा कुणाचाच नसतो. हे गावातल्या कोणीही त्याला पाच मिनिटांत सांगितलं असतं.

वाचवता येतं का? येतं, नाव बदलून. ‘महाराष्ट्रातील लघुउद्योजक’ असलं मोठं शीर्षक खाली उतरवून जिथे खरोखर गेलात त्या वसाहतीचं, त्या धंद्याचं नाव घाला. नमुना सोयीने निवडला हे साफ लिहा, किती जणांना फॉर्म दिले आणि किती परत आले ते लिहा. शीर्षक लहान झालं की मार्गदर्शक थोडे नाराज होतात, परीक्षक क्वचितच.

प्रश्न मराठीत आहे, पण कोणाच्या?

“माझ्या वरिष्ठांकडून मला पुरेसे सक्षमीकरण प्राप्त होते.” पर्याय : पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत. हे वाक्य रात्रपाळी करून आलेल्या माग कामगारापुढे ठेवलेलं मी पाहिलं आहे. त्याने सगळ्या चाळीस विधानांना ‘सहमत’वर एकच उभी रेघ ओढली होती. बरोबरच केलं त्याने.

अशा प्रश्नावल्या मूळ इंग्रजीतून शब्दाला शब्द लावून येतात, किंवा शोधगंगेवरच्या (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातल्या) जुन्या प्रबंधातून जशाच्या तशा उचलल्या जातात. ‘समाधन’ असा एकच टायपिंगचा दोष मला तीन वेगवेगळ्या प्रबंधांच्या परिशिष्टात भेटला आहे. वंशावळ काढता येईल. उपाय जुना आहे. बंगालमधलं तागाचं क्षेत्र मोजताना संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी १९३७ पासून आधी लहान चाचणी सर्वेक्षणं केली, पद्धत सुधारत नेली आणि मग पूर्ण प्रांताला हात घातला. तुम्हाला दहा-बारा माणसं पुरतील. त्यांना फॉर्म देऊन ‘भरा’ म्हणू नका. प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, “यात तुम्हाला काय विचारलंय असं वाटलं?” अर्धे प्रश्न तिथेच गळतात.

शिवाय फॉर्म कुणी वाटला? कामगारांचं ‘कार्यसमाधान’ मोजायचं आणि फॉर्म एचआरच्या माणसाने वाटून, त्यानेच गोळा करायचे, तर समाधान भरपूरच निघणार. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून उजेड कमीजास्त करून उत्पादन मोजलं गेलं, आणि आपल्याकडे कोणीतरी बघतंय एवढ्यानेच माणसं वेगळी वागतात ही चर्चा तिथून सुरू झाली. त्या प्रयोगांच्या आकडेमोडीवर पुढे बरीच टीका झाली, पण गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या कोणालाही मूळ मुद्दा पटेल. तिथेच जा. नाव विचारू नका. आणि कंपनीची लेखी परवानगी, त्यात ‘निष्कर्ष प्रसिद्ध करता येतील’ हे वाक्य, पहिल्या दिवशीच घ्या. शेवटच्या महिन्यात ते मिळत नाही.

पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि आपोआप सुधारलेली मुलं

शिक्षणातल्या लघुप्रबंधांचा हा ठरलेला साचा. वर्गाची चाचणी घ्यायची, सर्वांत मागे असलेली तीस मुलं निवडायची, त्यांना पंधरा दिवस नव्या पद्धतीने शिकवायचं, तीच चाचणी पुन्हा घ्यायची. गुण वाढतात, टी-चाचणी (दोन सरासरींची तुलना करणारी) सार्थक येते, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही, ‘पद्धत परिणामकारक ठरली’ असं लिहून होतं.

गंमत अशी की त्या पंधरा दिवसांत काहीच शिकवलं नसतं तरी गुण थोडे वाढले असते. तळाची तीस निवडताना त्यांत खरी कच्ची मुलं असतात, तशी त्या दिवशी ताप असलेली, पेन विसरलेली, घरी भांडण झालेलीही असतात. दुसऱ्या वेळी ती आपल्या नेहमीच्या जागी परत येतात. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये उंच आईबापांच्या मुलांची उंची मोजताना हेच पाहिलं होतं : टोकाला असलेल्यांची पुढची पिढी सरासरीकडे सरकते. आणि तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा हातात पडल्याचा फायदा तर वेगळाच.

यावरचा इलाज म्हणजे तुलना. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला तेव्हा ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेसाठी मोजत ठेवली. त्याआधी दोन वर्षं फक्त नोंदी. म्हणूनच १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जेव्हा छापून आलं की तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त कमी झाले, तेव्हा ‘ते तसेही कमी होणारच होते’ असं म्हणायला जागा उरली नाही. पुढे आशा कार्यकर्त्यांचा घरभेटीचा कार्यक्रम यातूनच उभा राहिला. तुमच्याकडे ८६ गावं नाहीत, मान्य. पण शाळेत ‘ब’ तुकडी असते. दोन्ही तुकड्यांतली कच्ची मुलं एकत्र घ्या, चिठ्ठ्या टाकून दोन गट करा, एका गटाला आत्ता शिकवा, दुसऱ्याला पुढच्या महिन्यात. कोणावर अन्यायही होत नाही.

पाचवीच्या वाचनवालीचं सगळं उरकलं होतं. तिला आम्ही निष्कर्षातलं क्रियापद बदलायला लावलं : ‘पद्धतीमुळे गुण वाढले’च्या जागी ‘या काळात गुण वाढले’, आणि पुढे अर्धं पान, दुसरं कारण काय असू शकेल यावर. तिने चाचणी घेतली त्या दिवशी हजर होती तेवढीच मुलं मोजली होती, हेही त्यात घातलं. प्रथम संस्थेचं ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून मुलांना घरी जाऊन वाचायला लावतं ते उगाच नाही. पटावर नाव आहे पण शाळेत दिसत नाही असं मूल घरीच भेटतं.

जी चूक वाचवता येत नाही

परिचारिकेच्या बाबतीत मला वाईट वाटलं, कारण काम तिने मनापासून केलं होतं. ओपीडीत आलेल्या दोनशे बायांचं हिमोग्लोबिन, आहार, सगळं नीट लिहिलेलं. नैतिकता समितीची परवानगी? “आता अर्ज करते ना, मॅडम.” नाही चालत. समिती मागच्या तारखेची मंजुरी देत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आधी मंजुरी, मग संमती, मग माहिती हा क्रम आहे. उपचाराचा प्रयोग असेल तर सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी हवी, आणि एप्रिल २०१८ पासून तीही पहिला रुग्ण घेण्याआधीच. समाजकार्य, गृहविज्ञान, शिक्षणशास्त्र इथल्या विद्यार्थ्यांना वाटतं हे डॉक्टरांचं लफडं आहे. अंगणवाडीतल्या बाळाचं वजन केलंत की तुम्हीही त्यात आलात. मूल सात वर्षांच्या वर असेल तर पालकांबरोबर त्याचाही होकार लागतो, आणि बारा वर्षांपुढे तो लेखी लागतो.

तिचं दुसरं दुखणं शीर्षकातलं होतं : ‘तालुक्यातील गरोदर स्त्रिया’. तिने पाहिल्या त्या दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्या. राणी बंग यांचा १९८९ चा अभ्यास इथे आठवावा. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांना तपासलं, त्यांच्यातल्या ९२ टक्क्यांना एक तरी स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. दवाखान्याच्या रजिस्टरवर कोणी बसून राहिलं असतं तर हे दिसलंच नसतं.

तिने नवा अर्ज केला आणि सहा महिन्यांनी पुन्हा सुरुवात केली. जुने फॉर्म कपाटात आहेत.

माहेर कुठलं ते विचारलंत का?

भाषेच्या अभ्यासाला आकडेवाल्यांनी आपली वहाण घालू नये असं माझं मत आहे. ३८४ फॉर्मांवर ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ विचारत फिरण्यापेक्षा वीस माणसांचं तास-तासभर बोलणं जास्त मोलाचं. कारण कॉलेजातून आलेल्या मॅडमनी वही उघडून विचारलं की माणूस पुस्तकी मराठीत शिरतो. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत यावर झकास युक्ती केली. एक श्रीमंतांचं, एक मधलं, एक स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळते अशी वस्तू कुठे आहे ते विचारायचं. उत्तर यायचं ‘फोर्थ फ्लोअर’. ऐकू न आल्यासारखं करून परत विचारायचं, म्हणजे तेच शब्द जरा जपून उच्चारलेले मिळायचे. ‘र’ कोण म्हणतं, कोण गिळतं, हे बाजूला जाऊन टिपायचं. विक्रेत्यांना पत्ताही नाही.

आपल्याकडे युक्ती याहून सोपी : विहीर कशी खणली, बहात्तरच्या दुष्काळात काय खाल्लं, लग्नात कोण रुसलं, हे विचारा आणि गप्प बसा. रेकॉर्डर चालू आहे हे मात्र आधी सांगून, होकार घेऊन. दहा मिनिटांत माणूस रेकॉर्डर विसरतो.

अहिराणीवालीची चूक मात्र मला आजवर कोणत्याच पुस्तकात सापडली नव्हती. तिने धुळे जिल्ह्यातल्या एका गावाची बोली म्हणून नऊ बायकांचं बोलणं घेतलं. त्यांतल्या सात जणी त्या गावात सून म्हणून आलेल्या. दोघींचं माहेर तर नंदुरबारकडचं. गावाच्या नावाखाली सात गावांची बोली गोळा झाली होती. वय, शिक्षण, जात सगळे रकाने होते, माहेर नव्हतं. सुदैवाने ध्वनिफिती जपलेल्या होत्या आणि बायका जिवंत, गप्पिष्ट. ती परत गेली, विचारून आली, आणि त्या गोंधळातूनच तिचं सर्वांत चांगलं प्रकरण निघालं : सासरी येऊन कोणते शब्द बदलतात आणि कोणते बाई मरेपर्यंत सोडत नाही.

लिप्यंतर करताना एक सावधगिरी. फोनचा कीबोर्ड तुमच्या नकळत बोलीला प्रमाण करून टाकतो. वऱ्हाडीतला ‘डोया’ त्याने ‘डोळा’ केला की तुमचा पुरावाच गेला. मूळ ध्वनिफीत कधीही पुसू नका.

उरलेलं, भरभर

चाळीस विधानं, प्रत्येकावर स्त्री-पुरुष तुलना, सार्थकता स्तर ०.०५, म्हणजे फरक नसताना शंभरात पाचदा तो दिसण्याची शक्यता चालवून घ्यायची. खरा फरक कुठेच नसला तरी सरासरी दोन विधानं निव्वळ योगायोगाने ‘सार्थक’ निघतील, आणि त्याच दोनांवर प्रकरण लिहिलं जाईल. कोणत्या तुलना करायच्या ते आधी लिहून ठेवा. साम्य-तपासणीत (मजकूर दुसरीकडून उचललाय का ते पाहण्यात) यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत हरकत नाही, ४० पर्यंत सुधारून द्यावं लागतं, ६० च्या पुढे नोंदणीच रद्द. समानार्थी शब्द फिरवून आकडा खाली आणलेला परीक्षकाला वाचताना कळतो. मान्य संशोधन नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आहे, तेव्हा ‘केअर लिस्टेड’ म्हणून पैसे मागणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. आणि चॅटबॉटने दिलेला संदर्भ स्वतः उघडून वाचल्याशिवाय सूचीत घालू नका; अस्तित्वातच नसलेले तीन लेख मी याच वर्षी एका सूचीत पाहिले.

इचलकरंजीच्या मुलाने शेवटी फॉर्म बाजूला ठेवले. तीन आठवडे पाळी सुटायच्या वेळी टपरीवर बसला, चौदा कामगारांशी सविस्तर बोलला, खर्चीवाले आणि मालक वेगळे केले, शीर्षक दोन ओळींवरून एका ओळीवर आणलं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, “३८४ का नाहीत?” त्याने माणसं कशी निवडली ते लिहिलेलं पान ६१ उघडून त्यांच्यापुढे सरकवलं.