सीताफळाला फुलं भरपूर, फळं चारच? ब्रश घ्या

अंगणातलं सीताफळ फुलतं पण फळ धरत नाही, म्हटलं की जो तो खत सुचवतो. खत राहू द्या. आधी फूल बघा. खाली मान घातलेलं, हिरवट-पिवळं, तीन जाड पाकळ्यांचं. सुंदर कुणी म्हणणार नाही, पण वागणं भलतंच. एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, फक्त वेळा जुळत नाहीत. आधी स्त्रीकेसर तयार होतात आणि त्याच फुलाचे पराग सुटेपर्यंत ते सुकूनही जातात. ब्रशनं पराग लावताना बघून शेजारची बाई मला मधमाशी म्हणते, पण इथे मधमाशीला कामच नाही. हा सगळा कारभार बारीक भुंगेऱ्यांचा, आणि एकट्यादुकट्या झाडावर ते पुरेसे फिरकतीलच असं नाही. म्हणून एका फुलाचे पराग दुसऱ्याला आपणच ब्रशनं लावायचे.

मेच्या कोरड्या झळांत खटाटोप करू नका, स्त्रीकेसर लगेच वाळतात. जूनची दमट हवा येऊ द्या. भल्या पहाटे पूर्ण उघडलेली फुलं गडद रंगाच्या बशीत झटका. मधल्या गोंड्यावरचे पुंकेसर तपकिरी होऊन सुटे झाले असतील, तर पराग पडलेले दिसतात. ते त्याच सकाळी वापरायचे, उद्यासाठी ठेवायचे नाहीत.

आता स्त्रीकेसर तयार असलेलं, अर्धवट उघडलेलं फूल शोधा: पाकळ्यांची टोकं नुकती सुटलेली, आतला गोंडा ओलसर, चिकट. जाड फांदीवरचं असेल तर उत्तम, फळाचं वजन पेलतं. दोन बोटांनी पाकळ्या अलगद फाकवा, रंगपेटीतल्या बारीक ब्रशला पराग लावा आणि गोंड्याभोवती चहूबाजूंनी फिरवा. माझा सगळा आग्रह या 'चहूबाजूंनी'साठी आहे. सीताफळाचा एकेक डोळा म्हणजे वेगळ्या स्त्रीकेसराचं फळ. ते सगळे एकमेकांना चिकटून आपलं सीताफळ होतं. ज्या बाजूला पराग पोचले नाहीत ती बाजू खुरटते आणि फळ वाकडं होतं. बाजारातल्या वाकड्या सीताफळाकडे एकदा या नजरेनं बघा.

देठाला रंगीत दोरा सैल बांधा, म्हणजे आपण केलेलं कोणतं ते कळेल. पुढे साधारण चार महिने धीर धरा. डोळ्यांमधल्या खाचा पिवळसर-पांढऱ्या झाल्या की फळ उतरवा आणि घरात पिकवा. झाडावर मऊ व्हायची वाट बघाल तर खारी तुमच्या आधी पोचतील.