धबधब्याचं पाणी रेशमी हवं की थेंबाथेंबाचं?

आंबोलीच्या धबधब्याचे फोटो ऑटोवर काढले की पाणी ना धड थांबलेलं दिसतं, ना धड वाहतं. शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहणार ते, स्वतः ठरवा.

१. मोड 'एस' किंवा 'टीव्ही' (शटर स्पीड तुमचा, बाकी कॅमेरा बघतो), आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) १००.

२. तुषार सुटे सुटे हवेत? १/१००० सेकंद. उजेड कमी पडला तर इथे आयएसओ खुशाल वाढवा.

३. धारा दिसाव्यात पण मऊ, तर १/८ ते १/४. मला हेच आवडतं. भर पावसातल्या धबधब्याला १ सेकंद दिला की सगळी दुधाची साय होते. बारीक धारेला मात्र तो शोभतो.

४. संथ शटरला ट्रायपॉड आणि २ सेकंदांचा टायमर. ट्रायपॉड नसेल तर कठड्यावर सॅक ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा.

फोटो फारच पांढरा येतोय? पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावा, ओल्या कातळाची चकाकीही जाते. तेवढ्याने भागलं नाही तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच. आणि दर फोटोआधी लेन्स पुसा; एक थेंब राहिला तरी मधोमध धुरकट डाग येतो.

प्रवाहात उभे असाल आणि पाणी एकाएकी गढूळ झालं, तर ट्रायपॉड तिथेच सोडून आधी काठावर या.